जुन्या चिठ्ठीवरची गोळी

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

औषधाच्या दुकानात मी अडतीस वर्षं उभा राहिलो. उभा राहिलो असंच म्हणायला हवं, कारण केमिस्टला बसायला सवड नसते. नागपुरातल्या जुन्या वस्तीतलं आमचं दुकान. सुरुवातीला गांधीबागेतून सायकलवर माल आणायचो. आता मुलगा दुकान पाहतो आणि मी संध्याकाळी तासभर जाऊन बसतो. इतक्या वर्षांत माझ्या हातून किती गोळ्या गेल्या, त्याची मोजदाद नाही. त्यांतल्या बहुतेकांनी माणसं बरी केली. पण काही गोळ्या मी विकायला नको होत्या. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई राहत. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सगळी वस्ती त्यांना 'बाई' म्हणे, मीही म्हणे. त्यांचे यजमान अचानक गेले आणि त्यांना रात्र रात्र झोप लागेना. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. रात्री अर्धी, पंधरा दिवस. चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहिलं होतं. पंधरा दिवसांनी बाई तीच चिठ्ठी घेऊन आल्या. "अजून थोडे दिवस घेते नं, बरं वाटते," म्हणाल्या. मी दिली. सहा महिन्यांत चिठ्ठीच्या घड्या फाटल्या, तेव्हा त्यांनी ती प्लास्टिकच्या पाकिटात घातली. वर्षभरानं चिठ्ठी आणणंही बंद झालं. बाई लांबून दिसल्या, की मी स्ट्रिप काढून ठेवत असे. यालाच आपुलकी म्हणतात, असं मला वाटायचं. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन झाल्या. पुढे दुपारी जीव घाबरतो म्हणून आणखी एक. अशी नऊ वर्षं गेली.

एका दिवाळीत बाई मुलीकडे रायपूरला गेल्या आणि गोळ्या नागपूरलाच विसरल्या. मुलगी म्हणाली, बरंच झालं, सुटेल ती सवय. पहिली रात्र बाईंनी जागून काढली. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, घाम फुटला, भिंतीवर काहीबाही चालताना दिसू लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आकडी येऊन त्या पडल्या. दवाखान्यातून मुलीचा मला फोन आला. "काका, आई कोणती गोळी घेते? किती वर्षांपासून? डॉक्टर विचारून राहिले." गोळीचं नाव मी ताबडतोब सांगितलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला वेळ लागला.

व्यसन कशाला म्हणायचं?

व्यसन म्हटलं, की आपल्याला दारूचा गुत्ता आठवतो, नाहीतर पुलाखाली बसलेली गर्दुल्ली पोरं. पहाटे उठून तुळशीला पाणी घालणाऱ्या बाई त्या चित्रात कुठेच बसत नाहीत. म्हणून तर हा प्रकार कुणाच्या लक्षात येत नाही. घेणाऱ्याच्या नाही, घरच्यांच्या नाही आणि देणाऱ्याच्याही नाही.

इथे तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्यायला हव्यात. पहिली म्हणजे सराव. शरीराला औषधाचा सराव होतो आणि पूर्वी अर्ध्या गोळीत होणाऱ्या कामाला एक लागते. दुसरी म्हणजे शरीराचं अवलंबून राहणं. औषध रोजचं झालं की शरीर ते धरूनच आपला कारभार लावतं आणि ते एकदम थांबलं की कारभार कोसळतो. तिसरी गोष्ट खऱ्या अर्थानं व्यसन. त्यात मनाची ओढ असते. नुकसान दिसत असूनही माणूस थांबू शकत नाही, लपवतो, खोटं बोलतो, दोन डॉक्टरांकडून दोन चिठ्ठ्या आणतो. पहिल्या दोन गोष्टी डॉक्टरांनी सांगितलेलं औषध प्रामाणिकपणे घेणाऱ्यालाही होऊ शकतात. त्यात त्याच्या चारित्र्याचा काही दोष नसतो. पण तिथे कुणी लक्ष दिलं नाही, तर काही माणसं तिसऱ्या पायरीवर जाऊन पोचतात. बाईही पुढे पुढे आमच्याकडे एक स्ट्रिप आणि चौकातल्या दुकानातून एक स्ट्रिप घेत होत्या. हे मला फार उशिरा कळलं.

अशी औषधं मुख्यतः तीन कुळांतली. पहिलं कूळ झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांचं : अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम वगैरे. दुसरं अफूच्या जातीतल्या औषधांचं : खोकल्याच्या काही औषधांत असणारं कोडीन, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, मॉर्फीन. तिसरं उत्तेजक औषधांचं. मुलांच्या चंचलतेच्या विकारावर दिली जाणारी काही औषधं यात येतात आणि परीक्षेच्या दिवसांत जागरणासाठी ती घेणारेही निघतात.

आता एक गैरसमज दूर करतो, नाहीतर माझं बोलणं ऐकून कुणी भलतंच करेल. रोज घ्यावं लागणारं प्रत्येक औषध व्यसनाचं नसतं. रक्तदाबाची, मधुमेहाची, थायरॉइडची गोळी रोज लागते, कारण आजार रोज असतो. नैराश्यावरची औषधंही नशेची नव्हेत. ती मनानं एकाएकी बंद करायची नसतात, एवढंच. आणि कॅन्सरच्या वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाला व्यसनाच्या भीतीनं मॉर्फीन नाकारणं हा क्रूरपणा आहे. असं औषध रुग्णाला सुलभपणे मिळावं, यासाठी २०१४ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्यात मुद्दाम दुरुस्ती करावी लागली. औषध वाईट नसतं. किती, किती दिवस आणि कुणाच्या देखरेखीखाली, हे प्रश्न विचारायचे असतात.

दर वेळी तीच गोष्ट

या विषयाचा इतिहास वाचताना मला एक गंमत दिसली. गंमत कसली, दुर्दैवच. १८९८ मध्ये एका नामांकित जर्मन कंपनीनं खोकल्यावर नवं औषध बाजारात आणलं. मॉर्फीनपेक्षा ते निर्धोक मानलं गेलं. त्याचं नाव हेरॉइन! १९०३ पासून झोपेसाठी बार्बिट्युरेट जातीची औषधं आली. ती सुरक्षित वाटली, पण पुढे त्यांची सवय आणि त्यांच्या जास्त मात्रेनं होणारे मृत्यू डोक्यावर बसले. मग १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ मध्ये डायझेपाम आलं. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून निघालेली ही औषधं आधीच्यांपेक्षा खरोखरच कमी घातक होती. पण यांची सवय लागत नाही, असं जे सुरुवातीला समजलं गेलं, ते चूक ठरलं. अमेरिकेत १९९६ पासून अफूच्या जातीची एक वेदनाशामक गोळी कमी धोक्याची म्हणून जोरात खपवण्यात आली. त्यातून तिथे जी साथ पसरली, तिनं लाखो घरं उद्ध्वस्त केली.

आपण फार शहाणे होतो, असंही नाही. गिरण्यांच्या काळात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या पोराला अफूची बाळगोळी चाटवत. पोर दिवसभर निपचित पडून राही आणि आईचा रोज बुडत नसे. तिच्या डोळ्यांपुढे ते विष नव्हतं, सोय होती. माझ्या दुकानातल्या गोळ्याही बहुतेकांनी सोय म्हणूनच नेल्या.

मेंदूत काय होतं?

बाईंना आकडी का आली? आपल्या मेंदूत कामाला जुंपणारी आणि शांत करणारी अशा दोन्ही यंत्रणा असतात. शांत करणाऱ्या मुख्य रसायनाला 'गाबा' म्हणतात. झोपेची गोळी या गाबाचा जोर वाढवते. स्कूटरचा ब्रेक कुणी बाहेरून दाबून धरला आहे, असं समजा. सुरुवातीला गाडी छान सावकाश चालते. पण मेंदूला आपला वेग सांभाळायचा असतो, म्हणून तो हळूहळू ॲक्सिलेटर पिळत जातो. ब्रेकही कायमचा दाबलेला आणि ॲक्सिलेटरही पिळलेला, अशा स्थितीत वर्षं निघतात. मग एक दिवस कुणीतरी ब्रेक एकदम सोडून देतं. गाडी उधळते. कापरं, घाम, भास आणि काहींना आकडी. ही आकडी जिवावरही बेतू शकते.

म्हणून माझं आजचं सगळ्यांत महत्त्वाचं सांगणं हे आहे : जो माणूस कित्येक महिने किंवा वर्षं रोज झोपेची गोळी घेतो आहे, त्याची गोळी कृपा करून एका दिवसात बंद करू नका. गोळ्या फेकून देणारा मुलगा प्रेमापोटीच फेकत असतो, पण तो बापाला संकटात टाकतो.

दुसरा धोका घेत राहण्यातला. म्हातारपणी या गोळ्यांनी तोल जातो. रात्री लघवीला उठलेला माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं आणि पुष्कळदा पुन्हा धड उभा राहत नाही. विस्मरण वाढतं. घरचे म्हणतात, वय झालं. आणि झोपेच्या गोळीवर किंवा अफूच्या जातीच्या औषधावर दारू घेतली, तर श्वासच मंदावतो.

कायदा आणि काउंटर

कायदा नाही, असं नाही. ही औषधं चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून 'एच-वन' ही वेगळी यादी लागू झाली. तिच्यातलं औषध विकताना चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलही अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणलं गेलं.

पण कायदा काउंटरपाशी येऊन थांबतो आणि पुढे ओळख सुरू होते. "काकाजी, आपल्याले ओळखत नाही का तुम्ही?" या वाक्यापुढे रजिस्टर बंद होतं. चिठ्ठीवर तारीख नसते, असली तर झेरॉक्समध्ये पुसट आलेली असते. आता तर मोबाइलमधला फोटोच पुढे करतात. दुकानदाराला वाटतं, आपण नाही दिली तर शेजारचा देईल. मलाही वाटायचं. डॉक्टरांनाही गर्दीत पाच मिनिटं बोलायला वेळ नसतो आणि 'तेच चालू ठेवा' असं लिहिणं सोपं पडतं. रुग्ण, डॉक्टर आणि केमिस्ट या तिघांनी थोडं थोडं दुर्लक्ष केलं, की नऊ वर्षं सहज निघून जातात.

याच फटीतून तरुण पोरंही शिरतात. मराठवाड्यात झोपेच्या गोळीला 'बटन' म्हणतात, मालेगावकडे 'कुत्ता गोळी'. नावं निराळी, औषध आपल्या बाईंच्याच कुळातलं. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं दिल्लीच्या 'एम्स'कडून केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. वैद्यकीय कारणाशिवाय गुंगीची औषधं घेणारे लोक देशात सुमारे १ कोटी १८ लाख आहेत, असा त्यातला अंदाज आहे आणि अशा लोकांची संख्या सर्वाधिक असलेल्या पाच राज्यांत आपला महाराष्ट्र आहे. हा आकडा वाचला, त्या दिवशी मला माझं जुनं काउंटर आठवलं.

सुटका कशी होते?

आता चांगली बातमी. यातून माणसं बाहेर पडतात. म्हातारी माणसंही पडतात. मात्र त्याला घाई चालत नाही.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात हेदर ॲश्टन या प्राध्यापिकेनं १९८२ ते १९९४ या काळात फक्त याच कामासाठी दवाखाना चालवला. त्यांच्या अनुभवाचं सार असं, की मात्रा हळूहळू उतरवायची आणि उतरण्याचा वेग रुग्णाला झेपेल तसा ठेवायचा. लवकर उतरणारी गोळी असेल, तर तिच्या जागी अंगात जास्त वेळ टिकणारी द्यायची. मग एक-दोन आठवड्यांनी साधारण दहावा भाग, गरज पडली तर त्याहूनही कमी, असं करत खाली यायचं. मध्ये त्रास झाला तर तिथेच थांबायचं. हे घरच्या घरी अंदाजानं करायचं काम नाही. मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानंच करायचं. मात्रा फार मोठी असेल, पूर्वी आकडी आली असेल किंवा सोबत दारू असेल, तर रुग्णालयात राहावं लागतं.

गोळी कमी होत असताना झोपेलाही वळण लावावं लागतं. रोज एकाच वेळी उठायचं, रात्री झोप आली नाही तरी. संध्याकाळनंतर चहा नाही. अंथरुणात पडून मोबाइल नाही, घड्याळाकडे पाहणं नाही. आपण नागपूरकर उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोर दोन-दोन तास घोरतो आणि रात्री झोप येत नाही म्हणून गोळी मागतो. सत्तरीत पंचविशीसारखी झोप येत नसते, हेही कुणीतरी सांगावं लागतं. आणि झोप ज्या कारणानं उडाली, ते दुःख, ती काळजी, तो एकटेपणा यांवर बोलल्याशिवाय उपचार पुरा होत नाही. बाईंना नऊ वर्षांत यजमानांविषयी कुणी विचारलंच नव्हतं.

अफूच्या जातीच्या औषधांचा मार्ग थोडा वेगळा. ती सुटताना अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब होतात, नाक-डोळे वाहतात. त्यासाठी जिभेखाली ठेवायची ब्युप्रिनॉर्फीनसारखी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीत देतात, काहींना दीर्घकाळ देतात. 'एक सोडून दुसरं व्यसन लावलं' असं लोक म्हणतात, ते बरोबर नाही. त्या आधारावर माणूस नोकरी करतो, संसार करतो. एक इशारा मात्र लक्षात ठेवा. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराचा सराव जातो. अशा वेळी मोहानं पूर्वीचीच मात्रा घेतली, तर ती प्राणघातक ठरू शकते.

आपल्या नागपुरात १८६४ मध्ये स्थापन झालेलं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकल आणि मेयोमध्ये मानसोपचार विभाग आहेत. तिथे जायला लाजू नका. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून 'मुक्तांगण' सुरू केलं. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता माणूस म्हणून वागवायचं, हे त्यांनी महाराष्ट्राला करून दाखवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाला मानसिक आजारातच धरलं आहे. त्याच कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे. तेव्हा मारहाण करून किंवा कोंडून 'सुधारणारी' केंद्रं आणि जेवणातून गुपचूप द्यायच्या पुड्या यांच्यापासून लांब राहा. फोनवर सल्ला हवा असेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेलीमानस'चा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत.

सव्वा वर्षाची पुडी

बाई रायपूरहून परत आल्या, तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो. काय बोलावं, सुचेना. "बाई, चूक माझी आहे," एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, "नाही जी, मीच मागत होते नं." मग त्यांच्या मुलीबरोबर मीही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी मला काम दिलं. आठवड्याच्या वर गोळ्या द्यायच्या नाहीत. गोळी नीट कापून, तारीख घालून रोजची वेगळी पुडी बांधायची. चौकातल्या दुकानदाराला मी स्वतः जाऊन सांगून आलो.

दर सोमवारी बाई यायच्या. सात पुड्या न्यायच्या, आदल्या आठवड्याचे रिकामे कागद परत द्यायच्या. शाळेतल्यासारखी एक वही केली होती, तिच्यात रोज किती तास झोप झाली ते लिहायच्या. दोनदा अडल्या. एकदा तर रात्री साडेदहाला दुकान बंद करताना आल्या आणि एक पूर्ण गोळी मागितली. डोळ्यांत पाणी होतं. मी दिली नाही. शटर अर्धं ओढून, स्टूल टाकून त्यांच्याशी बोलत बसलो आणि मग घरापर्यंत सोडून आलो. माझ्या अडतीस वर्षांतलं ते सगळ्यांत अवघड 'नाही' होतं.

सव्वा वर्षानं शेवटची पाव गोळी संपली. आता त्यांना पाच तास झोप लागते. पहाटे चारला जाग येते. "मग रेडिओ लावते," म्हणतात. बहुधा आत्ताही ऐकत असतील.

आमच्या दुकानात आता एक पाटी आहे : 'जुन्या चिठ्ठीवर झोपेची गोळी मिळणार नाही. कृपया आग्रह करू नये.' काही गिऱ्हाइकं रागावतात, पुढच्या दुकानात जातात. मुलगा कधी कधी माझ्याकडे पाहतो. धंदा थोडा कमी झाला, हे खरं आहे.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. आज घरी आई-वडिलांच्या उशाचा डबा उघडून पाहा. प्रत्येक स्ट्रिप कुणी, कधी आणि किती दिवसांसाठी लिहून दिली होती, ते विचारा. झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू असलेली निघाली, तर ओरडू नका, फेकू नका. त्यांचा हात धरा आणि नवी चिठ्ठी लिहायला त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. कमी करत जाणारी चिठ्ठी.